मनकर्णाबाईंची एकवीस दिवसांची रजा

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की डॉक्टरनं स्वतःचं झाकून ठेवलं. मी केदार. घर अकोल्याच्या जठारपेठेत. वडील, बापूसाहेब, चाळीस वर्षं कोर्टात वकिली करून आता तीच घरात आईवर करतात. मी सहा वर्षांपासून नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. गावाचं नाव सांगत नाही. नोकरी आहे, उगाच कशाला.

सांगायचं आहे ते मनकर्णाबाईंबद्दल. आमच्या केंद्राच्या नर्स. वय चोपन्न, उंची बेताची, आवाज मात्र असा की ओसरीतली रांग सरळ करायला शिपाई लागत नाही. नवरा महादेवराव शेती करतात, एकुलती मुलगी सीमा अमरावतीला दिलेली. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवन झालं काय, डॉक्टर? नाई ना? मंग आधी जेवा. उपाशी डॉक्टर चिडते." मी जेवलो, आणि तरीही चिडलोच.

आमचं पहिलं भांडण रजिस्टरवरून झालं. नव्या माणसाला या बाई नावच विचारायच्या नाहीत. रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं लिहायच्या: 'बाई, डाव्या भुवईवर व्रण, चौथा महिना.' 'पोरगा, बोबडा, अंदाजे पाच वर्षं.' मी ते पाहून उखडलो. "ताई, हे सरकारी रजिस्टर आहे की हरवलेल्या माणसांची जाहिरात?"

त्या हसल्या. "पयल्या भेटीत नाव इचारलं की मानूस बंद होते, डॉक्टर. आधी कुठी दुखते ते इचाराव. तिसऱ्या खेपेले तो सोताच नाव सांगते. मंग पेनानं लिहितो ना मी." आणि खरंच लिहायच्या. पण तिसऱ्या खेपेपर्यंत माझे अहवाल अडायचे, आणि वरून फोन मला यायचे.

गेल्या डिसेंबरात एका मुकादमानं कापूस वेचायला अकरा कुटुंबं आणली. पंजाबराव म्हणून आमच्याकडचे मोठे शेतकरी, त्यांच्या शेताच्या कडेला नाल्याजवळ ताडपत्रीच्या अकरा झोपड्या उभ्या राहिल्या. माणसं छत्तीसगडच्या दक्षिणेकडच्या जंगलातली, गोंडी बोलणारी. तिकडच्या बंदुकांच्या भांडणात त्यांचं गाव उठलं. मग काही वर्षं तेलंगणाच्या बाजूला जंगलात राहिली, तिथूनही हुसकून लावलं, आणि आता मुकादम नेईल तिकडे. त्यांच्यात मासा नावाचा एक जण मोडकं हिंदी बोलायचा. कोणाच्या बंदुका, असं मी एकदा विचारलं. "दोनों तरफ के," एवढंच म्हणाला.

मनकर्णाबाई पहिल्याच दिवशी तिथे गेल्या. गोंडीचा एक शब्द येत नाही, हिंदीची बोंब. सगळ्यांशी आपल्या वऱ्हाडीतच बोलायच्या, हातवारे करायच्या, आणि दहा मिनिटांत बाया तोंडावर पदर घेऊन हसायच्या. खरूज, जुलाब, ताप, जे दिसेल त्याचं औषध दिलं. रजिस्टरमध्ये अर्थातच पेन्सिल.

एका सोमवारी सकाळी पंजाबरावांची मोटारसायकल केंद्राच्या दारात येऊन थांबली. मागे मनकर्णाबाई, मांडीवर सहा वर्षांची जोगी, मासाची पोरगी. शेतातलं पिसाळलेलं कुत्रं तिच्या तोंडावर आलं होतं. गाल फाटला होता. मनकर्णाबाईंनी साबण घेतला आणि नळाखाली पंधरा मिनिटं ती जखम धुतली. पोर किंचाळत होती, मागून पळत आलेली आई हिडमे भिंतीला कपाळ टेकून उभी होती, आणि बाईंचा हात एकदाही थांबला नाही.

हा आजार, रेबीज, एकदा उलटला की त्याला औषध नाही. कोणत्याही डॉक्टरकडे नाही, कोणत्याही देशात नाही. त्याच्या आधी सुया पूर्ण झाल्या तर माणूस वाचतो. चार सुया: पहिली लगेच, मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम चेहऱ्यावर असली की मेंदू जवळ, म्हणून वेळ कमी. पहिली मी दिली. जखमेत भरायचं औषध अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात मिळतं, तिथे मनकर्णाबाई मायलेकींना घेऊन गेल्या आणि संध्याकाळी परत आणून सोडलं.

तीन दिवसांनी, गुरुवारी, त्या दुसऱ्या गावच्या लसीकरणाला गेल्या होत्या. म्हणून दुसरी सुई द्यायला झोपड्यांवर मी गेलो. आणि इथे मी शेण खाल्लं.

कुत्रं चावल्याची नोंद मोबाइलवर करावी लागते. नाव, फोटो, ठिकाण. मी म्हटलं, एका जोगीचंच कशाला, सगळ्यांचंच करून टाकू. कार्डं निघतील, धान्य मिळेल, पोरांच्या लसी लागतील. माझा हेतू चांगला होता हो! मासाला मध्ये घेऊन प्रत्येकाचं नाव विचारलं, कागदावर जाड अक्षरात लिहिलं, आणि तो कागद ज्याच्या त्याच्या छातीशी धरायला लावला. म्हातारे पुढे बसवले, बाकीचे मागे उभे. सगळ्यांनी निमूट ऐकलं. एकही जण हलला नाही. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं आहेत! फोटो काढला आणि तिथूनच वर पाठवला.

शुक्रवारी सकाळी पंजाबरावांचा फोन. "डॉक्टर, माही शेवटची वेचनी अर्धी टाकून समदेच्या समदे गेले. ताडपत्री बी नेली. तुमी काय केलं बाप्पा त्याइले?"

मनकर्णाबाई समोर उभ्या होत्या. मी घडलेलं सांगितलं. मला वाटलं, आता फाडून खातील. त्यांनी एवढंच विचारलं, "कागद छातीशी धरायले लावला काय?"

"हो."

त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी सातवा दिवस हाये पोरीचा." आणि उठून फोनची वही काढली.

मी पोलिसांना कळवू म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. "हे लोक डांबरी रस्त्यानं नाई जात," त्या म्हणाल्या. "अन् पोटाले तर पायजे. आपल्याकडचा कापूस सरत आला, मूर्तिजापूरच्या अंगानं अजून उभा हाये." मग सुरू झाले फोन. त्या बाजूच्या गावोगावच्या नर्सबाई, आशा सेविका, अंगणवाडीच्या बाया. तीस वर्षांत प्रशिक्षणाला, लग्नाला, मयतीला भेटलेल्या सगळ्या. बाहेरची माणसं आली का, असं एकीलाही विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर गावात बोभाटा झाला असता. त्या विचारायच्या, "काय वं, तुमच्या बोअरवर कोनी बाया दुधीच्या तुंब्यात पानी नेऊन राहिल्या काय?" जोगीच्या माणसांकडे वाळवलेल्या दुधीचे तुंबे होते. मी तिथे चार वेळा गेलो असेन, मला ते दिसले नव्हते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मला अन्न गोड लागेना. डोळ्यांसमोर त्या पोरीचा गाल. रविवारी दुपारी बोरगाव मंजूच्या अलीकडून आरती नावाच्या आशा सेविकेचा फोन आला. "हो माय, तुंबे घेऊन दोन बाया दिसल्या. बाभळीच्या बनात उतरल्या वाटते."

सोमवारी सकाळी लसीचा निळा डबा घेऊन आम्ही माझ्या गाडीनं निघालो. बाभळीपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी मला थांबवलं. "तुमी अथीच उभे राहा. तुमाले पाह्यलं की पळतीन." सहा वर्षं शिकून डॉक्टर झालेला मी बांधावर उभा राहिलो, आणि त्या डबा घेऊन एकट्या गेल्या. दुरून दिसलं, बाया आधी उठल्या, मग थांबल्या. मनकर्णाबाई खाली बसल्या. जोगी त्यांच्या मांडीवर आली. दोन्ही दंडांत सुई दिली. मी तिथे बांधावर रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

पण पोर सुटली नव्हती. चौथी सुई बाकी होती, एकवीस दिवसांनी.

मासा माझ्याकडे आला. फोटोचं विचारलं. मी घाईघाईनं मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर तो फोटो पुसून टाकला. त्यानं नीट पाहिलं. मग विचारलं, "और कहीं नहीं है?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. काय हरकत होती? माणसं थांबली असती, सुई झाली असती. तेवढ्यात मागून आवाज आला. "खोटं नोका बोलू, डॉक्टर. याइले लय लोकाइनं खोटं सांगतलं हाये." आणि मनकर्णाबाईच मासाकडे वळून म्हणाल्या, "फोटो ऑफिस में गया, भाऊ. वापस नहीं आयेंगा."

मासानं मान हलवली. मग त्यानंच मला सांगितलं, शांतपणे, एखाद्या पाहुण्याला घरचा रस्ता सांगावा तसं. त्यांच्या गावातही आधी फोटोच काढले होते. असेच, छातीशी नाव धरून. पुढे फोटोतली माणसं एकेक करून नेली. त्याचे दोन भाऊ त्यात होते.

तो मागे फिरला आणि आपल्या भाषेत ओरडला. बायांनी ताडपत्र्या सोडायला सुरुवात केली. माझा पारा चढला. "ताई, काय करून बसल्या! आता कुठे शोधायचं यांना? पोरगी मेली तर?"

त्या सरळ हिडमेच्या झोपडीसमोर गेल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. "मासाभाऊ, मैं इधर बैठती. इक्कीस दिन. पोरी की सुई होये तक. कोई आया तो पहले मेरे को दिखेंगा. मेरे को लेके जायेंगा तो जाने दो." त्या हिंदीला कोणी हसलं नाही. मासानं ते सगळ्यांना सांगितलं. एक बाई ताडपत्री धरून तशीच उभी राहिली. तासभर त्यांची बोलणी चालली. हिडमेचा म्हातारा सासरा झोपडीच्या आतून दोन शब्द बोलला, आणि ताडपत्र्या पुन्हा बांधल्या गेल्या.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "ताई, नोकरी आहे तुमची."

"माही अर्जित रजा हाये ना शिल्लक. अर्ज लिहा, सही करतो."

ती रजा कशासाठी राखली होती ते आख्ख्या केंद्राला ठाऊक होतं. सीमाचं पहिलं बाळंतपण. दिवस भरत आले होते. मी तिचं नाव काढलं. "तिच्यापाशी तिची सासू हाये, नवरा हाये, मोठा दवाखाना हाये. या पोरीपाशी कोन हाये?" मी डायरीचं पान फाडलं, गुडघ्यावर अर्ज लिहिला, त्यांनी सही केली. मला सांगून ठेवलं की बीपीच्या गोळ्या, दोन लुगडी आणि चादर पाठवा, आणि तुम्ही स्वतः येऊ नका, भितात.

परत मी एकटाच निघालो. मी माणसं पाहिली आहेत. मोठमोठे सर्जन पाहिले आहेत, छातीवर पदकं लावलेले. पण आपलं शरीर असं उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. आणि ते माणूस सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर पेन्सिल तासत बसलं होतं.

त्या आठवड्यात मी जठारपेठेत गेलो आणि बापूसाहेबांना सगळं सांगितलं. ऑफिसात गेलेला फोटो परत कसा मिळवायचा ते विचारलं. त्यांनी चष्मा लावला, पाच पानी अर्ज लिहून दिला, आणि म्हणाले, "याचं उत्तर येईल असं समजू नकोस. पण पाठव." मी पाठवला. उत्तर आजपर्यंत आलेलं नाही.

मनकर्णाबाईंचा फोन दोन दिवसांनी एकदा यायचा, शेतातल्या मोटारीच्या खोलीत चार्ज करून. त्या बायांबरोबर कापूस वेचत होत्या, बोंडांनी बोटं फाटली होती. दोन गरोदर बायांचं बीपी घेतलं, एका पोराचा जुलाब थांबवला. महादेवराव चिडून त्यांना न्यायला गेले आणि ज्वारीचं पीठ, ठेचा अन् चादर ठेवून परत आले. "काय करू जी," मला म्हणाले, "बायको दिसली. बसून होती झोपडीच्या तोंडाशी. ऊठ म्हनायची हिंमतच नाई झाली मले."

आणि पंचविसाव्या दिवशी, म्हणजे सुईला तीन दिवस राहिले असताना, सीमा बाळंत झाली. मुलगी झाली. सीमानंच मला दवाखान्यातून फोन केला. आईचं नाव घेतलं आणि रडायला लागली. "माय नाई आली, डॉक्टर. साऱ्या जगाची बाळंतपनं केली तिनं. माह्यालेच नाई आली."

मी मनकर्णाबाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, "बाळंतीन बरी हाये ना? दूध येते काय?"

"बरी आहे. ताई, तुम्ही एक दिवस जाऊन या. तुमच्या जागी मी बसतो तिथे."

"तुमी बसले तर ते पळतीन," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसती माहिती होती. "तीन दिवस राह्यले. नात कुठी जात नाई." मग फोन ठेवला. मोटारीच्या खोलीतून झोपडीपर्यंत त्या कशा चालत गेल्या असतील, ते मला आजही कळत नाही.

अठ्ठाविसावा दिवस सोमवारच होता. या वेळी डबा घेऊन मी एकटाच गेलो आणि सवयीनं बांधावर थांबलो. मनकर्णाबाईंनी हात करून बोलावलं. उन्हानं रापल्या होत्या, वाळल्या होत्या, लुगडं खोचलेलं, बोटांना चिंध्या. "घ्या, तुमीच द्या सुई," म्हणाल्या. जोगीनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि दंड पुढे केला. एक, मग दुसरा. गालावरची जखम भरून गुलाबी झाली होती. मी सिरिंज खाली ठेवली आणि डबा आवरायला तिथेच जमिनीवर बसलो. पोरगी वाचली होती.

कोणी आलं नव्हतं. एकवीस दिवसांत त्या फोटोमागे कोणीही आलं नव्हतं. येणार नाही हे बाईंना माहीत होतं का, असं मी विचारलं. "मले काय माईत असनार? रोज गाडीचा आवाज आला की उठून झोपडीच्या तोंडाशी उभी राहो मी."

त्यांनी पिशवी भरली. बाया गोळा झाल्या, कोणी हात धरला, कोणी पदर. मी गाडी अमरावतीच्या दिशेनं वळवून ठेवली होती. दोन तासांत नात मांडीवर दिली असती. त्या चार पावलं चालल्याही.

तेवढ्यात हिडमेच्या झोपडीची ताडपत्री बाजूला झाली आणि मासा बापाला धरून बाहेर घेऊन आला. हा म्हातारा मी फोटोत पहिल्या रांगेत बसवला होता. लंगडतो ते वयामुळे असेल असं समजून चाललो होतो. तो माझ्यासमोर येऊन बसला, लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली, आणि एक मळका फडका सोडायला लागला. आत पोटरी काळी-निळी पडली होती, मध्ये भोक, त्यातून पू येत होता. गोळीची जखम. मासानं तीन बोटं दाखवली. तीन वर्षं. तीन वर्षं हा माणूस तो पाय प्रत्येक डॉक्टरपासून लपवत जंगलातून, शेतातून चालत होता, कारण गोळी कुठे लागली असं कोणीतरी विचारलंच असतं. माझ्यापासूनही लपवला होता.

त्यानं तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी काहीच विचारलं नाही. मागे वळून एवढंच म्हणालो, "ताई, तुम्ही निघा. तुम्हाला सोडायला पंजाबरावांच्या मुलाला गाडी घेऊन बोलावतो. मी पाहतो याला."

मनकर्णाबाई रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी एकदा अमरावतीच्या दिशेला पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, पदर पुन्हा खोचला, आणि गरम पाणी मागायला हिडमेच्या चुलीकडे गेल्या.